मानसशास्त्राची पदवी परवडेल का? प्रवेशाआधी मांडायचा हिशोब

मानसशास्त्र घ्यायचं म्हटलं की दोन प्रश्न लगेच निघतात: फी किती आणि पुढे पगार किती. दोन्हींची उत्तरं चटकन मिळतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. फीचा जो आकडा सांगितला जातो तो पदवीचा असतो. पगाराचा जो आकडा सांगितला जातो तो बहुतेक वेळा परवाना मिळालेल्या मानसशास्त्रज्ञाचा असतो. या दोघांच्या मध्ये तीन ते आठ वर्षं जातात, आणि ती ना फीपत्रकात दिसतात ना पगाराच्या तक्त्यात.

ती वर्षं धरून हिशोब कसा मांडायचा, ते इथे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. आकडे कुठल्याही चलनात न देता ‘पगारां’त दिले आहेत. एक पगार म्हणजे आज हातात असलेल्या शिक्षणावर तुम्हाला महिन्याला जे मिळू शकतं ते. स्वतःचा आकडा त्या जागी घाला.

हाताशी काय हवं

- एक स्प्रेडशीट. कागदावरही जमेल, पण आकडे चार वेळा बदलावे लागतात.
- अभ्यासक्रमाचं पूर्ण फीपत्रक. परीक्षा, लॅब, प्रबंध, इंटर्नशिप यांच्या रकमा आणि फी दरवर्षी किती वाढू शकते ते कलम, हे सगळं त्यात हवं.
- मान्यतेचा कागद: मान्यता कोणाची आणि कुठल्या वर्षापर्यंत.
- जिथे काम करायचं आहे तिथल्या नियामक संस्थेचे नोंदणीचे नियम, तिच्याच संकेतस्थळावरून घेतलेले.
- कर्ज घेणार असाल तर बँकेचं मंजुरीपत्र.
- तुम्हाला हव्या असलेल्या कामाच्या वीस-पंचवीस ताज्या जाहिराती.
- दुसऱ्या विषयाची पदवी आधीच असेल तर विषयवार क्रेडिट दाखवणारी गुणपत्रिका.

## १. आधी कामाचं नाव ठरवा

‘मानसशास्त्रात करिअर’ नावाचं एक काम नसतं. पैशांच्या दृष्टीने तीन वेगळे रस्ते आहेत आणि त्यांचे हिशोब एकमेकांत मिसळले की सगळंच चुकतं.

पहिला रस्ता परवान्याचा: क्लिनिकल, काउन्सेलिंग, शालेय मानसशास्त्र. यात वेळ सर्वांत जास्त जातो आणि कमाई उशिरा सुरू होते, पण एकदा सुरू झाली की टिकते. दुसरा रस्ता बिनपरवान्याचा: मनुष्यबळ विभाग, युजर रिसर्च (लोक एखादं उत्पादन कसं वापरतात त्याचा अभ्यास), मार्केट रिसर्च, संस्थांमधलं मूल्यमापन आणि प्रशिक्षण. इथे पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण पुरतं. मात्र स्पर्धा अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि व्यवस्थापन शिकलेल्यांशी असते. तिसरा रस्ता संशोधन आणि अध्यापनाचा. त्याला पीएच.डी. लागते आणि कायम जागा कमी असतात.

जाहिराती घ्या आणि तीन रकाने करा: मागितलेली पात्रता, मागितलेला अनुभव, मागितलेली साधनं. पात्रतेच्या रकान्यात ‘मानसशास्त्र किंवा संबंधित विषय’ असं दिसलं की समजा, पदवी दार उघडते पण पगार ठरवत नाही. पगार ठरतो तिसऱ्या रकान्यावर: संख्याशास्त्र, आर किंवा एसपीएसएस ही आकडेवारीच्या विश्लेषणाची सॉफ्टवेअर, प्रश्नावली बांधणं, मुलाखती घेऊन त्यांचं विश्लेषण करणं. पदवीत बहुधा संशोधन पद्धती आणि सांख्यिकीचे पेपर असतात. बरेच जण ते कसेबसे पास होऊन मागे टाकतात, आणि पदवीवर थांबायचं झालं तर नेमकं तेच विकलं जातं. एसपीएसएसचा परवाना महाग वाटला तर आर, जेएएसपी आणि जामोवी फुकट आहेत.

## २. परवान्याचा रस्ता मोजा

पदवी विद्यापीठ देतं, काम करण्याची परवानगी दुसरंच कोणी देतं. हे दुसरं कोण आहे, ते प्रवेशाआधी शोधा. काही उदाहरणं, म्हणजे फरक लक्षात येईल.

अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करणारा परवानाधारक ‘सायकॉलॉजिस्ट’ व्हायला बहुतेक सगळ्या राज्यांत डॉक्टरेट लागते. त्यावर अनुभवी परवानाधारकाच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे हजारो तास आणि ईपीपीपी ही परवान्याची परीक्षा. मात्र थेरपीच करायची असेल तर काउन्सेलर, कुटुंब-चिकित्सक किंवा क्लिनिकल समाजकार्यकर्ता यांचे परवाने पदव्युत्तर पदवीवर मिळतात. त्यांनाही देखरेखीखालचे तास लागतात, पण काही वर्षं वाचतात. दोघांचं रोजचं काम पुष्कळदा सारखंच दिसतं. मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन निदानाचे अहवाल लिहायचे असतील, तर डॉक्टरेटचा फरक पडतो.

ब्रिटनमध्ये नुसता ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्द कायद्याने राखीव नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, ‘फोरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ यांसारखी नऊ पदनामं राखीव आहेत आणि त्यासाठी एचसीपीसी या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. क्लिनिकलची डॉक्टरेट तीन वर्षांची असते. राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या जागांवर प्रशिक्षणार्थीला पगार मिळतो, म्हणून अर्जदारांची झुंबड असते. जागा मिळेपर्यंत कित्येक जण एक-दोन वर्षं किंवा जास्त काळ सहायक म्हणून काम करतात. ती वर्षं रस्त्याचाच भाग आहेत, हिशोबात धरा. पदवीला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता नसेल तर आधी ती उणीव भरून काढणारा रूपांतराचा (कन्व्हर्जन) अभ्यासक्रम करावा लागतो.

ऑस्ट्रेलियात ‘सायकॉलॉजिस्ट’ हे नावच राखीव आहे आणि नोंदणीपर्यंत किमान सहा वर्षं लागतात. युरोपात युरोसाय या मानसशास्त्रज्ञांच्या सामायिक प्रमाणपत्राचं माप पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष देखरेखीखालचं काम असं आहे.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. एम.ए. केल्याने ती आपोआप मिळत नाही. अनेक वर्षं एम.ए.नंतरचा दोन वर्षांचा एम.फिल. हा ठरलेला मार्ग होता. २०२२ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं आणि या मार्गाची मांडणी बदलू लागली. सीनियरने सांगितलेला रस्ता म्हणूनच पुरेसा नाही. तुम्ही ज्या वर्षी बाहेर पडणार त्या वर्षीचा नियम बघायचा.

इथला सर्वांत महागडा सापळा लहान सर्टिफिकेटांचा. तीन महिन्यांचा काउन्सेलिंग कोर्स, मग एखाद्या थेरपीचा, मग आणखी एक. प्रत्येकाची फी परवडण्याजोगी असते, म्हणून बेरीज कोणी करत नाही. नोंदणीच्या नियमांत ज्या कोर्सचं नाव नाही, त्याने परवान्याकडे एक पाऊलही पडत नाही. परवाना मिळाल्यावर कौशल्य वाढवायला हे कोर्स चांगले असतात. आधी केले तर त्यांचा उपयोग भिंतीला.

दुसरा सापळा देश बदलण्याचा. एका देशाची नोंदणी दुसऱ्या देशात जशीच्या तशी चालत नाही. विषयवार तास, क्लिनिकल कामाचे तास आणि देखरेख करणाऱ्याची पात्रता यांची तपासणी होते आणि कमी पडलेलं भरून काढावं लागतं. परदेशी जायचा विचार थोडाही असेल तर पहिल्या दिवसापासून केलेल्या तासांची वही ठेवा: तारीख, कामाचा प्रकार, तास, देखरेख करणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही. पाच वर्षांनी त्या सह्या गोळा करणं फार कठीण जातं. माणसं नोकरी सोडतात, संस्था बंद होतात.

## ३. वर्षांना खरी लांबी द्या

फीपत्रकावरची वर्षं ही सगळं वेळेत झालं तरची वर्षं असतात. याबद्दल मानसशास्त्राचाच एक गाजलेला अभ्यास आहे, तोही मानसशास्त्राच्याच विद्यार्थ्यांवरचा. १९९४ मध्ये ब्युहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात ५५ लागले. सगळं बिनसलं तर किती लागतील, असंही विचारलं होतं. तो अंदाजही सुमारे ४९ दिवसांचाच निघाला.

तेव्हा दोन स्तंभ करा: कागदावरची वर्षं आणि त्या विभागातल्या मागच्या तीन-चार तुकड्यांना प्रत्यक्षात लागलेली वर्षं. हिशोब दुसऱ्या स्तंभावर. जिथे वेळ जातो त्या जागा ठरलेल्या आहेत: प्रवेश परीक्षेचा हुकलेला प्रयत्न, नीतिमत्ता समितीची मंजुरी, प्रबंधासाठी सहभागी न मिळणं, इंटर्नशिपची जागा न लागणं आणि नोंदणीच्या अर्जाला उत्तर येईपर्यंतचे महिने. शेवटच्या महिन्यांत शिक्षण संपलेलं असतं, काम करता येत नसतं आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू झालेला असू शकतो.

## ४. खर्च ‘पगारां’त मांडा

खर्चाचे चार भाग करा: फी, शिकताना न मिळालेला पगार, देखरेखीखालच्या काळात कमी मिळालेला पगार, आणि परीक्षा, नोंदणी, देखरेखीची फी वगैरे किरकोळ.

राहण्या-जेवण्याचा पूर्ण खर्च यात धरू नका. तो नोकरी करतानाही झालाच असता. शिक्षणासाठी दुसऱ्या गावी राहिल्यामुळे जेवढा जास्त झाला तेवढाच मोजा. ही चूक सर्रास होते आणि खर्च दुप्पट दिसू लागतो.

आता एक उदाहरण. आकडे कल्पित आहेत, रीत लक्षात घ्या.

रस्ता क, पदवीवर थांबणे. तीन वर्षं, फी वर्षाला ८ पगार म्हणजे २४. न मिळालेले पगार ३६. एकूण खर्च ६० पगार. पदवीनंतरची नोकरी १.२ पगारांची मिळाली, तर फायदा महिन्याला ०.२. खर्च भरून निघायला ३०० महिने, म्हणजे २५ वर्षं.

रस्ता ख, परवान्यापर्यंत जाणे. पदवी तीन वर्षं, पदव्युत्तर दोन, देखरेखीखालचं काम दोन. फी २४ अधिक २४. पाच वर्षांचे न मिळालेले पगार ६०. देखरेखीच्या दोन वर्षांत महिन्याला ०.५ पगार मिळाला, तर तूट १२. किरकोळ ४. एकूण १२४. परवान्यानंतर महिन्याला २ पगार मिळू लागले, तर फायदा महिन्याला १ आणि भरपाईला १२४ महिने, म्हणजे दहा वर्षं चार महिने.

खर्च दुपटीहून जास्त, तरी भरपाई निम्म्याहून कमी वेळात. म्हणजे या विषयात अर्ध्यावर थांबणं बरेचदा सर्वांत महाग पडतं. पण रस्ता क मध्येही एक खिडकी आहे. पाच वर्षांत संख्याशास्त्र आणि संशोधनाच्या जोरावर फायदा ०.२ वरून ०.६ वर नेला, तर पहिल्या ६० महिन्यांत १२ पगार सुटतात, उरलेले ४८ पुढच्या ८० महिन्यांत. एकूण ११ वर्षं आठ महिने. पंचवीस वर्षांचा आकडा पदवीचा नव्हता, वाढ न होणाऱ्या नोकरीचा होता.

आता तिसरी आकडेमोड करा, कारण खरी तुलना बहुतेकांसाठी ‘पदवी की नोकरी’ अशी नसते. ‘ही पदवी की ती पदवी’ अशी असते. समजा दुसरी तीन वर्षांची पदवी तेवढ्याच फीत होते आणि तिच्यानंतर लगेच १.५ पगारांची नोकरी लागते. पहिली तीन वर्षं दोन्हीकडे सारखी, ती खोडा. रस्ता ख चा जादा खर्च उरतो: पदव्युत्तर फी २४, त्या दोन वर्षांत न मिळालेले १.५ प्रमाणे ३६, देखरेखीच्या दोन वर्षांतली तूट महिन्याला १ प्रमाणे २४, किरकोळ ४. बेरीज ८८. फायदा मात्र २ वजा १.५, म्हणजे ०.५ च. भरपाईला १७६ महिने, १४ वर्षं आठ महिने. खर्च कमी झाला तरी मुदत वाढली. समोर कोणता पर्याय ठेवता यावर उत्तर एवढं हलतं, म्हणून आकडेमोड सुरू करण्याआधी तो पर्याय प्रामाणिकपणे लिहून काढा. मावसभावाचा पगार हा तुमचा पर्याय नव्हे.

स्टायपेंड मिळाला तर काय होतं, तेही बघा. रस्ता ख मधली पदव्युत्तर फी माफ आणि वर ०.६ पगार स्टायपेंड धरला, तर १२४ चा खर्च साधारण ८६ वर येतो. भरपाई सात वर्षं दोन महिन्यांत. अमेरिकेत याच कारणासाठी पीएच.डी. आणि साय.डी. (संशोधनापेक्षा प्रत्यक्ष कामावर भर देणारी मानसशास्त्राची डॉक्टरेट) यांत फरक करतात: पीएच.डी.च्या जागांना पुष्कळदा फीमाफी आणि मानधन असतं, साय.डी.ची फी बहुतांशी विद्यार्थ्यालाच भरावी लागते. परवाना एकच मिळतो.

## ५. कर्ज: व्याज कुठल्या दिवशी चढतं ते वाचा

मंजुरीपत्रात व्याजाच्या दराखाली दोन ओळी शोधा: शिक्षण चालू असताना व्याज लागतं का, आणि लागत असेल तर ते मुदलात कधी मिसळतं.

१०० ची रक्कम तीन वर्षांच्या सुरुवातीला तीन समान भागांत उचलली, दर साल १० टक्के आणि व्याज दरवर्षी मुदलात जमा, असं धरा. अभ्यासक्रम संपतो तेव्हा देणं १२१.४ झालेलं असतं. दहा वर्षांच्या हप्त्यांनी महिन्याला १.६० पडतात आणि एकूण १९२ ते १९३ फेडावे लागतात. तेच व्याज शिकताना त्या-त्या वेळी भरलं तर सगळं मिळून १७८-१७९. घरून थोडी मदत होणार असेल तर ती या व्याजाला लावा.

स्प्रेडशीटमध्ये हप्ता काढायला पीएमटी हे सूत्र आहे: दर भागिले १२, मग महिने, मग ऋण चिन्हासह रक्कम. दर टक्क्याच्या चिन्हासह लिहा, १०% असा. नुसता १० लिहिलात तर तो हजार टक्के समजला जातो.

मोठा धोका हप्ता कधी सुरू होतो याचा आहे. हप्ते पुढे ढकलण्याची बँकेची सवलत अभ्यासक्रम संपण्यावर मोजलेली असते, परवाना मिळण्यावर नाही. रस्ता ख मध्ये फक्त पदव्युत्तरची २४ पगारांची फी दोन भागांत कर्जाने घेतली, तर वरच्याच दराने दोन वर्षांनी २७.७ होतात आणि हप्ता महिन्याला ०.३७ च्या आसपास बसतो. देखरेखीखालच्या काळात उत्पन्न आहे ०.५. म्हणजे दर शंभरातले त्र्याहत्तर हप्त्यात. परवान्यानंतर २ पगार मिळू लागले की तोच हप्ता अठरा टक्के होतो आणि बोचत नाही. मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वीच बँकेकडे सवलत वाढवून मागा किंवा सुरुवातीला कमी आणि पुढे वाढणारे हप्ते मागा. नंतर मागितलं तर ते थकबाकीच्या खात्यात मोडू शकतं.

## ६. पगाराचे आकडे वाचताना

सरासरी बघू नका, मध्यक बघा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. मोठी प्रॅक्टिस असलेली मोजकी माणसं सरासरी वर खेचतात. आणि सर्वेक्षणात ‘मानसशास्त्रज्ञ’ कोणाला म्हटलंय ते तपासा. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा त्या नावाचा आकडा त्या पदावर काम करणाऱ्यांचा असतो. पदवी घेऊन दुसऱ्याच क्षेत्रात गेलेले त्यात येत नाहीत. महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांच्या आकडेवारीत उलटा घोळ असतो: नोकरी चांगली लागलेले उत्तर पाठवतात, बाकीचे पाठवत नाहीत. किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, हे दोन्ही आकडे मिळाले नाहीत तर तो टक्का सोडून द्या.

जाहिरातीतला पगार मात्र उपयोगी पडतो. तोही पहिल्या वर्षाचा आणि पाचव्या वर्षाचा वेगवेगळा काढा.

## ७. स्वतःची प्रॅक्टिस

एका सेशनची फी गुणिले चाळीस तास गुणिले बावन्न आठवडे. स्वप्नातला हिशोब हाच: वर्षाला २,०८० सेशन. आता खरा मांडू.

पन्नास मिनिटांचं सेशन, नंतर नोंदी, मधे फोन आणि ईमेल. आठवड्याला २५ सेशन हे भरलेलं वेळापत्रक झालं. त्यापुढे नेलं तर काही महिन्यांत कामाचा दर्जा घसरतो आणि क्लायंट ते ओळखतात. सुट्ट्या, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता ४६ आठवडे धरा: १,१५० सेशन. रद्द झालेली आणि न सांगता बुडवलेली १५ टक्के वजा: ९७८. खोलीचं भाडं, देखरेख, व्यावसायिक विमा, सॉफ्टवेअर, नोंदणीचं नूतनीकरण, हिशोबनीस मिळून ३५ टक्के धरले तर उरतात ६३६ सेशनांचे पैसे. महिन्याला ५३. कर अजून बाकी आहे. स्वप्नातल्या आकड्याचा तिसरा हिस्साही नाही.

तुमच्या सेशनची अपेक्षित फी ५३ ने गुणा. भरलेल्या प्रॅक्टिसचं करपूर्व मासिक उत्पन्न ते. पहिल्या वर्षी आठवड्याला सहा ते आठ सेशन धरून वेगळा आकडा काढा आणि भाडं मात्र पूर्ण धरा.

प्रॅक्टिस करणाऱ्याच्या भेटींच्या वहीतला एक मंगळवार बघा. दहाला सेशन. अकराचा क्लायंट आला नाही; सव्वाअकरापर्यंत वाट बघून एक संदेश पाठवला. बाराला पहिली भेट, ती दीड तास चालली, फी एकाच सेशनची. दुपारी एका मुलाच्या शाळेसाठी पत्र लिहिलं, त्याचे पैसे कोणी देत नाही. दोन ते पाच रिकामे. सहा, सात आणि आठ भरलेले, आणि सातच्या वेळेसाठी आणखी चार जण रांगेत. नोकरी करणारे लोक संध्याकाळीच येतात. त्यामुळे आठवड्यात ‘विकल्या जाणाऱ्या’ वेळा २५ पेक्षा कमीच असतात. दुपारचे तास भरायला शाळा, कंपन्या किंवा शिकवण्याचं काम लागतं. प्रॅक्टिसच्या हिशोबात ते सुरुवातीपासून धरा.

बुडवलेल्या सेशनची फी घेणार का, किती तास आधी कळवलं तर नाही घेणार, हे पहिल्याच भेटीच्या संमतीपत्रात लिहा. कमी फीच्या जागाही आधीच ठरवा: पंचवीसपैकी तीन किंवा चार. ठरवल्या नाहीत तर वर्षअखेर त्या दहा झालेल्या असतात.

चाचण्यांचा हिशोब निराळा. वेक्स्लरची प्रौढांसाठीची बुद्धिमापन चाचणी घ्यायलाच तास-दीड तास जातो. पुढे गुणांकन, मुलाखती आणि अहवाल. एका अहवालाला पाच-सहा तास सहज लागतात. संच महाग असतो आणि प्रत्येक व्यक्तीमागे नवी उत्तरपुस्तिका लागते. चाचणीची फी ठरवताना समोर बसलेला वेळ नाही, अहवाल हातात देईपर्यंतचा सगळा वेळ मोजा. पुस्तिकांच्या छायाप्रती काढण्याचा मोह टाळा. तो कॉपीराइटचा भंग आहे आणि अहवाल न्यायालयात गेला तर अंगाशी येतो.

## ८. विभागाला विचारायचे प्रश्न

फोनवर नको, ईमेलने विचारा.

- या अभ्यासक्रमानंतर नोंदणीसाठी थेट अर्ज करता येतो का? नियमाचा क्रमांक द्याल का?
- मागच्या तीन तुकड्यांत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जणांनी पूर्ण केला, किती वर्षांत?
- त्यातले किती जण आज नोंदणीकृत आहेत?
- प्रत्यक्ष कामाचे किती तास मिळतात आणि देखरेख करणारे स्वतः नोंदणीकृत आहेत का?
- इंटर्नशिपची जागा विभाग देतो की विद्यार्थ्याने शोधायची?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या डॉक्टरेट कार्यक्रमांना पूर्ण करायला लागलेली वर्षं, खर्च, गळती, इंटर्नशिप आणि परवाना मिळालेल्यांचं प्रमाण जाहीर करावंच लागतं. तसं बंधन नसलेल्या ठिकाणी हे प्रश्न तुम्हालाच विचारावे लागतात. ‘आमचे विद्यार्थी सगळीकडे आहेत’ असं उत्तर आलं तर आकड्याच्या रकान्यात शून्य लिहा.

## ९. मधल्या थांब्यांची किंमत काढा

सगळे शेवटपर्यंत जात नाहीत. काहींना क्लिनिकल काम झेपत नाही, काहींचा प्रवेश होत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यासमोर लिहा: इथे उतरलो तर हातात काय असेल. पदवीनंतर कुठली जाहिरात लागू पडते? पदव्युत्तरनंतर कुठली? उत्तर ‘एकही नाही’ असेल तर त्या टप्प्यात संख्याशास्त्राचा किंवा संस्थात्मक मानसशास्त्राचा एखादा पेपर जोडून घ्या, म्हणजे उतरायला फलाट तरी असेल.

प्रवेश परीक्षेचे किती प्रयत्न करायचे, तेही याच पानावर आधीच लिहून ठेवा. रस्ता ख मध्ये वाया गेलेलं एक वर्ष म्हणजे बारा पगार आणि भरपाईत आणखी एक वर्ष. दोन प्रयत्न ठरवले असतील तर तिसऱ्याच्या फॉर्मची तारीख येण्याआधी स्प्रेडशीट पुन्हा उघडा. तोवरची सगळी फी भरून झालेली असेल. ती रकान्यातून काढून टाका, कारण पुढे गेलात काय आणि थांबलात काय, ती परत येणार नाही. फक्त पुढचा खर्च आणि पुढची कमाई ठेवा आणि भरपाईचे महिने नव्याने काढा.